स्टेफानिया एच. यांची खरेदी

डोरीन हावरिलुकला कुणी काही फुकट दिलं, की ती आधी ते उलटून बघायची. दुकानात दुधाची पिशवी घेताना तिचा हात फळीच्या पार मागे जायचा. पुढे मांडलेल्या पिशव्या शिळ्याच असणार, याबद्दल तिच्या मनात शंका नसे. थंडर बे शहरात तिला ओळखणारे लोक यावर हसायचे. पण तिच्या आयुष्याची हकिकत ज्यांना ठाऊक होती, ते फारसे हसत नसत.

तिचे वडील कागदगिरणीत होते. गिरणी बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की असं काही नाही, आणि वर केक वाटला. त्याच हिवाळ्यात फाटकाला कुलूप लागलं. पुढे डोरीनचं लग्न झालं डेलशी. डेल दर रविवारी तळ्यावर बर्फ फोडून मासे धरायला जायचा आणि संध्याकाळी मासे घेऊनही यायचा. पण त्या माशांना ना खवलं, ना काटा. डोरीननं दोन-तीन रविवार नुसतं बघितलं, मग एका रविवारी त्याच्या ताटात मासा वाढत विचारलं, "हल्ली मासे तळ्यातनंच सोललेले निघतात वाटतं?" डेलनं ताट बाजूला सारलं. वसंतात तो घर सोडून गेला आणि तिनं माहेरचं आडनाव परत लावलं.

तिला लोकांना दुखवायचं नसायचं. फक्त कुणी तिला बनवतंय, हे तिला सहन होत नसे.

अशी ही बाई ग्रँट लाहतीच्या दुकानात मात्र इमानानं टिकली. दुकान म्हणजे शहराबाहेरचं एक पत्र्याचं गोदाम. पाखरांसाठी बिया, चरबीच्या वड्या, झाडाला टांगायचे फीडर, असा माल ग्रँट इंटरनेटवर विकायचा. पार न्यूफाउंडलंडपर्यंत त्याचे ग्राहक होते. माल बांधायला आणि फोन घ्यायला बर्निस नावाची बाई होती. ग्राहकांना ईमेल लिहायचं काम डोरीनचं. ती चांगलं लिहायची. कुठल्या पाखराला काय आवडतं, खारूताईला फीडरपासून लांब कसं ठेवायचं, असं काहीबाही लिहून खाली ती मालाची किंमत टाकायची. ईमेलमधल्या दुव्यावर बोट ठेवून दुकानाच्या पानावर आलेल्या माणसानं काही घेतलं, की ती विक्री डोरीनच्या नावावर लागायची. वर्षाच्या शेवटी ग्रँट सगळ्यांसमोर म्हणायचा, "डोरीन नसती, तर आपण आज बिया स्वतःच खात बसलो असतो." यावर कधी शंका घ्यावी, असं डोरीनला वाटलं नव्हतं.

मग टोरांटोहून केल्सी मॅकवे आली.

केल्सीची कंपनी ग्राहकांच्या मोबाइलवर मेसेज पाठवायची. पगार नको, महिन्याची फी नको. मेसेजमुळे जेवढी विक्री होईल तिच्यातला हिस्सा द्या, एवढंच. ग्रँटला हे फारच आवडलं. डोरीनचे कान मात्र टवकारले. केल्सी वयानं तिच्या मुलीसारखी, पण पहिल्या दिवसापासून "डोरीन, तू किती गोड लिहितेस गं!" असं गळ्यात पडून बोलायची. डोरीननं मनातल्या मनात तिलाही उलटून बघितलं.

दर महिन्याला केल्सी स्क्रीनवरून अहवाल दाखवायची. रंगीत गोल, त्यात मेसेजचा जांभळा तुकडा. तो महिन्यागणिक फुगत चालला. डोरीनचा हिरवा तुकडा तेवढाच. बर्निस दर शरदात एक छापील पुस्तिका पोस्टानं पाठवायची, तिचा तर तुकडाच नव्हता. कागदाला बोट लावून कुणी दुकानात येत नाही, त्यामुळे तो कुणाच्या हिशेबात यायचा नाही. ग्रँट म्हणाला, "बर्निस, यंदा पुस्तिका राहू दे. उगाच पोस्टाचा खर्च." बर्निसनं चिकटपट्टी दातानं तोडली आणि पुढचं खोकं घेतलं.

एका महिन्यात डोरीनच्या लक्षात आलं, की केल्सीचा आकडा, तिचा स्वतःचा आकडा आणि ग्रँट इंटरनेटवर ज्यांच्याकडून जाहिराती करून घ्यायचा त्यांचा आकडा मिळून जेवढं होतं, तेवढा माल गोदामातून गेलेलाच नाही.

"ग्रँट, आपण विकलं त्यापेक्षा जास्त विकलंय," ती म्हणाली.

"म्हणजे धंदा जोरात आहे," ग्रँट हसला.

"हसू नको. एकाच गिऱ्हाइकाचं श्रेय तिघं घेतायत. पैसे मात्र आपण त्यातल्या दोघांना मोजतोय."

स्क्रीनवरून केल्सी गोड आवाजात म्हणाली, "असंच असतं, डोरीन. प्रत्येकाचा हात लागतो ना ग्राहकाला! आमचा नियम साधा आहे. मेसेज पाठवल्यापासून सात दिवसांत ग्राहकानं काही घेतलं, तर ते मेसेजमुळे."

"पाठवल्यापासून? वाचल्यापासून नाही?"

"पाठवला म्हणजे वाचलाच जातो, अगं. मोबाइल कोण सोडतं हातातून?"

डोरीनच्या डोक्यातलं चाक फिरायला लागलं. केल्सी आठवड्याला तीन मेसेज पाठवते. म्हणजे कुठल्याही ग्राहकानं कुठल्याही दिवशी काहीही घेतलं, तरी मागच्या सात दिवसांत त्याला मेसेज गेलेलाच असणार. हे म्हणजे रोज पहाटे आरवायचं आणि सूर्य उगवल्याचा मोबदला मागायचा. पण ग्रँटला हे समजावायचं कसं? तो जांभळ्या तुकड्याकडे अशा नजरेनं बघत होता, की जणू नातवाचा फोटो.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. बियांच्या वासानं अंगणात येणारी अस्वलं हिवाळ्याची झोपायला गेली, की इथले लोक फीडर बाहेर काढतात. गोदामात त्या आठवड्यात बसायला वेळ नसतो. दर वर्षीच नसतो. महिनाअखेरीला केल्सीनं अहवाल उघडला, तेव्हा अर्ध्याहून अधिक गोल जांभळा होता.

"आणि आता खास गंमत," ती म्हणाली. "हे आपले रुसलेले ग्राहक. कित्येक महिने काही घेतलं नव्हतं. मेसेज गेला आणि परत आले! ही बघा, थंडर बेचीच आहे. स्टेफानिया एच. मार्चनंतर गप्प होती. 'तुमची पाखरं वाट बघतायत' हा मेसेज गेला, आणि तीन दिवसांत सूर्यफुलाच्या बियांचं मोठं पोतं!"

डोरीननं चष्मा वर केला, परत खाली केला. "स्टेफानिया एच. माझी आई आहे."

"अय्या! मग आईला आमच्याकडून थँक्यू सांग हं!"

"ती एप्रिलमध्ये वारली."

गोदामात बर्निसच्या चिकटपट्टीचा आवाज थांबला. ग्रँटनं घसा खाकरला. केल्सीचा चेहरा स्क्रीनवर तसाच राहिला, आणि क्षणभर डोरीनला वाटलं की इंटरनेटच अडकलं. मग केल्सी हळूच म्हणाली, "मला खरंच वाईट वाटलं, डोरीन. पण... कुणीतरी घेतलंय ना?"

हे मात्र खरं होतं. कुणीतरी घेतलं होतं.

डोरीनचा संशय आता दुसऱ्या वाटेनं धावायला लागला. आईचं घर आल्गोमा रस्त्यावर बंद पडून होतं. ते विकायचं ठरलं होतं, पण धाकटा भाऊ ओरेस्ट काही ना काही काढून लांबणीवर टाकत होता. कधी छप्पर गळतंय म्हणायचा, कधी बाजार मंद आहे. दुकानातल्या आईच्या खात्यावरून ऑर्डर गेली, म्हणजे आईचा संगणक वापरला. संगणक घरात. घराची दुसरी किल्ली ओरेस्टकडे. आणि मागच्याच आठवड्यात तो फोनवर म्हणाला होता, "मी तिकडं महिनाभर फिरकलोसुद्धा नाही." मग आईच्या नावावर तो आणखी काय काय घेतोय? आईचं कार्ड बंद केल्याचं तो म्हणाला होता. केलं होतं का?

शनिवारी सकाळी तिनं इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर लावलेली विजेची तार काढली आणि थेट आल्गोमा रस्ता गाठला. थंडी अशी, की नाकातले केस ताठ झाले. आईच्या अंगणात बर्फातून वाट पाडलेली होती. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा चालून घट्ट झालेली. म्हणजे महिनाभर फिरकला नाही म्हणे! मागे गेली, तर ओरेस्ट शिडीवर. डोक्यावर वडलांची जुनी लोकरी टोपी, काखेत डबा, आणि तो फीडरमध्ये बिया ओतत होता.

"उतर खाली," डोरीन म्हणाली.

ओरेस्ट एवढा दचकला, की अर्ध्या बिया बर्फात सांडल्या. "अगं बाई! हाक तरी मार! पडलो असतो तर?"

"पडला असतास तर खरं बोलला असतास. महिनाभर आला नाहीस ना इकडं?"

तो सावकाश उतरला. मिशीवर बर्फ जमला होता. "तुला सांगितलं असतं, तर तू विचारलं असतंस कशाला जातोस."

"कशाला जातोस?"

"हे बघ. झालं सुरू."

"आईच्या नावावर बिया मागवल्यास. कुणाच्या पैशानं?"

ओरेस्टनं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो थकलेला दिसत होता. "माझ्या. कार्ड माझंच आहे. आईचं कधीच बंद केलं. बँकेत जाऊन विचार, तू तशीही जाणारच आहेस."

सोमवारी डोरीन खरंच जाणार होती.

"पहिला बर्फ पडला, तेव्हा नळ गोठू नयेत म्हणून बघायला आलो," तो म्हणाला. "तर ही सगळी इथं बसलेली. चिकाडीची पाखरं, ते निळे तुरेवाले, ते लाल टोपीवाले चिमुकले. रिकाम्या फीडरवर. आईनं लावलेली सवय. डबा बघितला तर तळाला मूठभर. संगणक उघडला, तुमच्या दुकानातलं आईचं पान उघडंच होतं, माझ्या कार्डाचा नंबर घातला, बटण दाबलं. एवढंच."

"मेसेज आला होता?"

"कसला मेसेज?"

"आईच्या मोबाइलवर. 'तुमची पाखरं वाट बघतायत' असा."

ओरेस्ट तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला. घर गार होतं, पण टेबलावर एक कप होता आणि बशीत अर्धा पर्शियन, म्हणजे इथल्या बेकरीतला गोड पाव, गुलाबी साखरेचा थर वाळलेला. त्यानं खालचा खण ओढला. रबरबँड, औषधाच्या चिठ्ठ्या, एक लाकडी चमचा, आणि त्यात आईचा मोबाइल. डोरीननं बटण दाबलं. काहीच नाही. चार्जर लावून दोघं उभ्यानं वाट बघत राहिली. पडदा उजळला आणि मोबाइल थरथरायला लागला, तो थांबेचना. एकामागून एक मेसेज येऊन पडत होते. *स्टेफानिया, तुमची आठवण येते. स्टेफानिया, विसरलात का आम्हाला? स्टेफानिया, आजच्या दिवस सूट.*

ओरेस्टनं मोबाइल पालथा घातला. "तुमच्या दुकानाचे आहेत हे?"

"हो."

"तू लिहितेस?"

"नाही," डोरीन म्हणाली. मग तिला आठवलं, की तिचे ईमेलही आईच्या पत्त्यावर याच सगळ्या महिन्यांत जात होते. ती यादी तिनं कधी तपासली नव्हती.

सोमवारी ती बँकेत गेली नाही. ती ग्रँटच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"अर्ध्या ग्राहकांना मेसेज बंद करू," ती म्हणाली. "जानेवारी आणि फेब्रुवारी. बाकीच्या अर्ध्यांना चालू. मग बघू, न मिळालेले किती कमी घेतात. जेवढं कमी, तेवढंच केल्सीचं."

केल्सीला स्क्रीनवर बोलावलं. ती पहिल्यांदाच चिडलेली दिसली. "म्हणजे अर्ध्या ग्राहकांना मुद्दाम वाऱ्यावर सोडायचं? ग्रँट, हा तुझ्या धंद्याचा प्रश्न आहे. आणि करायचंच तर कुणाला बंद करायचं ते आम्ही निवडतो, आमच्याकडे त्याची पद्धत आहे."

"ते नको," डोरीन म्हणाली. "तुम्ही असेच निवडाल, जे एरवीही काही घेणार नाहीत. मोबाइलचा शेवटचा आकडा विषम असेल, त्यांना बंद. त्यात ना तुझा हात, ना माझा."

"आणि त्या अर्ध्यांसाठी हिस्साही द्यायचा नाही?" ग्रँटनं विचारलं.

"अर्थात नाही," डोरीन म्हणाली.

इथं ग्रँटचा विचार पक्का झाला. पण केल्सी कच्ची नव्हती. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग डोरीनच्या ईमेलांचंही असंच करू या, शेवटून दुसऱ्या आकड्यावर. का, डोरीन? तुझा काही आक्षेप नाही ना?"

सगळे डोरीनकडे बघायला लागले. बर्निससुद्धा. डोरीनला कानापाठीमागे गरम झालं. आपण इतकी वर्षं लिहितो, लोक उत्तरं पाठवतात, खारूताईचे फोटो पाठवतात. आपल्याला कसली भीती?

"करा की," ती म्हणाली.

ते दोन महिने तिला स्वतःची ओळख पटेना. रोज ऑर्डरी येताना ती विषम कुठली, सम कुठली हे बघू नये म्हणून मान वळवून बसायची. बर्निस एकदा म्हणाली, "तू परीक्षेला बसल्यासारखी दिसतेस."

"मी नाही, ती बसलीय."

"हं," बर्निस म्हणाली. तिच्या त्या 'हं'चा अर्थ लावत डोरीननं आठवडा काढला.

मार्चच्या सुरुवातीला ग्रँटनं स्वतः आकडे काढले. दोघींपैकी कुणालाही त्यानं हात लावू दिला नाही. मग दोघींना बोलावलं, एकीला खुर्चीत, एकीला स्क्रीनवर.

"मेसेज न मिळालेल्यांनी मेसेज मिळालेल्यांएवढंच घेतलं," तो म्हणाला. "जवळपास तंतोतंत."

डोरीननं केल्सीकडे बघितलं. तिला वाटलं होतं तसा आनंद झाला, पण तो पुरा व्हायच्या आत ग्रँट पुढे बोलला.

"आणि ईमेल न मिळालेल्यांनी किंचित कमी. इतकं किंचित, की मी दोनदा बघितलं."

"म्हणजे," ग्रँट सावकाश म्हणाला, "दोघींनीही मला इतके दिवस आपोआप पडणाऱ्या पावसाचं बिल लावलं होतं."

"मी लावलं नाही," डोरीन म्हणाली. "तू सांगायचास. दर वर्षी. सगळ्यांसमोर." पण आवाज तिचा तिलाच पोकळ वाटला. नंतरचे कित्येक दिवस ती त्या आकड्यांवर संशय घेत राहिली. विषम आकडेवाले लोक जास्त हौशी असतील. फेब्रुवारीत थंडी फार होती. ईमेल न मिळालेल्यांना शेजाऱ्यानं आपला दाखवला असेल. एकेक कारण तिनं उलटून बघितलं. केल्सीनं हीच कारणं दिली असती, तर आपण काय म्हटलं असतं, हेही तिला कळत होतं. शेवटी तिनं तो नाद सोडला.

केल्सीच्या कंपनीचा करार संपला. शेवटचा फोन केल्सीनं डोरीनलाच केला. आवाजात तो गोडवा नव्हता, आणि डोरीनला ती पहिल्यांदाच बरी वाटली.

"एक सांगू?" केल्सी म्हणाली. "आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत असतं. कुणी विचारत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. तुझ्या आईचं नाव मी काढायला नको होतं."

"तुला माहीत नव्हतं."

"माहीत करून घ्यायचीही सोय नव्हती. मेलेला माणूस आमच्याकडं नुसता रुसलेला दिसतो."

डोरीननं ग्रँटला स्वतःहून सांगितलं, की आठवड्याचे तीन ईमेल कशाला, महिन्याला एक पुरे, आणि तोही सांगण्यासारखं काही असेल तेव्हा. ग्रँटनं तिच्या कामाचे निम्मे तास बर्निसच्या फोनवर लावले. हुद्दा गेला, टेबल गेलं, खिडकीजवळची खुर्ची गेली. तिला ते लागलं. बर्निसची पुस्तिका शरदात परत छापायची ठरली, तेव्हा ग्रँट उत्साहानं म्हणाला, "खरी विक्री त्या पुस्तिकेचीच असणार, मला आधीपासून वाटत होतं!"

"तुला काहीच वाटत नव्हतं," डोरीन म्हणाली. "पुस्तिकाही अर्ध्यांनाच पाठवायची."

"अगं, तुझं काय चाललंय? बर्निस, बघ हिला!"

"पाठवू दे अर्ध्यांना," बर्निस म्हणाली. "मला पण बघायचंय."

आल्गोमा रस्त्यावरचं घर विकलं गेलं नाही. ओरेस्ट एप्रिलमध्ये आपलं सामान घेऊन तिथं राहायला गेला, डोरीनला न विचारता. तिचा संशय तेवढा खरा निघाला. त्याला घर विकायचंच नव्हतं. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग ईस्टरला तिकडं गेली, आणि तिनं आईच्या हातचा नसलेला, ओरेस्टनं करपवलेला सणाचा पाव, पास्का, न बोलता खाल्ला.

मे महिन्यात एका दुपारी फोन वाजला. सू लूकआउट गावाकडची एक म्हातारी बाई होती. तिला काही मागवायचं नव्हतं.

"तुम्ही ईमेल लिहिणाऱ्या बाई ना?" ती म्हणाली. "हल्ली फार कमी येतात. मी म्हटलं, बाई आजारी-बिजारी तर नाही? मी ते चहाबरोबर वाचायची. बिया काय, मी ऑक्टोबरात एकदाच भरून ठेवते, त्यासाठी मला कुणी सांगायला नको. पण ती खारूताईची गोष्ट फार छान होती हो."

डोरीननं बाईंचे आभार मानले, तब्येत बरी असल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. मग ती थोडा वेळ बर्निसच्या पाठीकडे बघत राहिली. बर्निसची माणसं सू लूकआउटकडचीच.

"बर्निस, ही बाई तू उभी केलीस?"

बर्निस वळली. "काय?"

"हीच. आत्ताची. मला बरं वाटावं म्हणून."

"माझ्याकडं एवढा वेळ असता," बर्निस म्हणाली, "तर मी स्वतःला बरं वाटेल असं काहीतरी केलं असतं."

डोरीननं तिचा चेहरा नीट निरखला. त्यात काही सापडलं नाही. तरी संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी तिनं फोनमधला तो नंबर परत एकदा बघितला, आणि मग पुढच्या ईमेलसाठी खारूताईबद्दल दोन ओळी लिहून ठेवल्या.